व्हिक्टोरिया फॉल्स: मे महिन्यात जावं की दिवाळीत, आणि फोटोत धुक्याशिवाय काही येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत चौघांनी व्हिक्टोरिया फॉल्सला जायचं, धबधब्यासाठी दोन दिवस, बरोबर एक मिररलेस कॅमेरा, २४-१०५ मिमीची एकच झूम लेन्स आणि दोन फोन. धबधबा आफ्रिकेत दोन देशांच्या सीमेवर आहे, तर झिंबाब्वेची बाजू घ्यावी की झांबियाची, सेटिंग काय ठेवावं, आणि मे जमला नाही तर दिवाळी चालेल का? मी पुण्याहून छोटे गट घेऊन तिथे पाच वेळा गेले आहे, दर वेळी वेगळ्या महिन्यात. त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. इथे पाणी जितकं जास्त, तितका धबधबा कमी दिसतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण जागाच तशी आहे. ठोसेघर घ्या नाहीतर दूधसागर, आपल्याकडे पाणी कड्यावरून पडतं आणि समोर मोकळी दरी असते. आपण लांबून निवांत बघतो. व्हिक्टोरियाला समोर दरीच नाही. झांबेझी नदी १७०८ मीटर रुंदीच्या पात्रासकट जमिनीतल्या एका अरुंद भेगेत कोसळते. भेग जास्तीत जास्त १०८ मीटर खोल. म्हणजे उंचीत दूधसागर किंवा जोग त्याला सहज मागे टाकतील. इथली गंमत रुंदीत आहे. आणि आपण उभे राहतो ते त्याच भेगेच्या पलीकडच्या काठावर, पाण्याच्या बरोब्बर समोर, जवळजवळ त्याच उंचीवर. खाली आपटलेल्या पाण्याला बाहेर पडायला जेमतेम शंभरेक मीटरची एकच फट. मग हवेचा लोट तुषार घेऊन वर उसळतो, भर पाण्याच्या दिवसांत चारशे मीटरच्याही वर जातो आणि पावसासारखा परत आपल्याच डोक्यावर पडतो. लांबून तो धुराच्या खांबासारखा दिसतो. 'मोसी-ओआ-तुन्या', गरजणारा धूर, हे तिथलं नाव त्यावरूनच पडलं.

आता महिन्यांचं. आपल्याला सवय असते की पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी धबधबा जोरात. झांबेझीचं तसं नाही. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण नदी उगम पावते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, अंगोलातून फिरून येते आणि वाटेत बारोत्सेच्या विस्तीर्ण सपाट मैदानात पसरते. ते मैदान पाणी धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. म्हणून पाऊस थांबल्यावर, एप्रिलच्या सुमारास, धबधब्याला सगळ्यात जास्त पाणी असतं. मेमध्येही भरपूर. जूनपासून उतरायला लागतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्यम असतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाला जातं.

म्हणजे मराठी घरातल्या दोन मोठ्या सुट्ट्या नेमक्या दोन टोकांना येतात. मेमध्ये पाणी इतकं की दिसत नाही, आणि दिवाळीत झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा ठणठणीत. २०१९च्या अखेरीस दुष्काळात त्या कोरड्या कड्याचे फोटो जगभर छापून आले होते आणि धबधबा आटला अशी हाकाटी झाली. त्या वर्षी पाणी खरंच फार कमी होतं. पण झांबियाची पूर्वेकडची बाजू वर्षाच्या शेवटी खडकाळ दिसणं हे नेहमीचंच आहे. कडा तिथे थोडा उंच आहे, आणि त्या बाजूने वीजकेंद्रासाठीही पाणी वळवलेलं आहे. झिंबाब्वेच्या बाजूचा मुख्य धबधबा आणि डेव्हिल्स कॅटरॅक्ट ही पश्चिम टोकाची धार मात्र बाराही महिने वाहतात.

फोटोंसाठी मला विचाराल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. पाण्याचा पडदा अजून सलग असतो, तुषार आवाक्यात असतात, खालचा कातळ दिसतो, हवाही बरी असते. म्हणजे गणपती! हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी समोरचा माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी गणपती रद्द करायला सांगितला. दीड दिवसाचा असेल तर विसर्जन करून निघता येतं, एवढंच म्हणते. ते नसेलच जमत तर मे आणि दिवाळी यांत मी मे निवडेन. फोटो कमी मिळतील, पण कोरडा खडक बघायला मुलांना इतक्या लांब नेण्यापेक्षा चिंब भिजून आलेली मुलं बरी. धुकं कमी हवं असेल तर सुट्टीतली शेवटची तारीख पकडा. जूनचा पहिला आठवडा एप्रिलपेक्षा पुष्कळ शहाणा असतो.

माझी पहिली खेप एप्रिलमधली. झिंबाब्वेच्या बाजूला काठाने जंगलातून पायवाट आहे आणि वाटेत क्रमांक दिलेली निरीक्षणाची ठिकाणं आहेत, पश्चिमेकडच्या डेव्हिल्स कॅटरॅक्टपासून पूर्वेच्या डेंजर पॉइंटपर्यंत. ते जंगलसुद्धा तुषारांवरच वाढलेलं. आजूबाजूचा मुलूख रखरखीत आणि मध्ये ही एक ओली हिरवी पट्टी. मी कॅमेऱ्याला रेनकव्हर, अंगात रेनकोट, डोक्यावर छत्री अशा जय्यत तयारीने निघाले. सातव्या-आठव्या ठिकाणी छत्री मिटली, कारण तिथे पाऊस खालून वर येतो. नाणेघाटातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल; फक्त इथे तो थांबत नाही. तिथे मी एक मूर्खपणा केला. रेनकोटच्या आत मान घालून लेन्स बदलली. दोन मिनिटांचं काम. संध्याकाळपर्यंत कॅमेरा चालला, रात्री हॉटेलच्या एसीत ठेवला, सकाळी बाहेर काढला तर लेन्सच्या आतल्या काचेवर दव, आणि दुपारी स्क्रीन काळी पडली ती पडलीच. कार्डावर चारशेच्या वर फोटो होते. त्यातले साडेतीनशे निव्वळ राखाडी-पांढरे, कुठून काढलेत तेही सांगता येऊ नये असे. उरलेल्यांतल्या बहुतेकांत माझ्याच रेनकोटची कड.

त्या खेपेत जे चार-पाच फोटो कामाचे निघाले ते सगळे डेव्हिल्स कॅटरॅक्टचे. याला कारण आहे. ते ठिकाण धबधब्याच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे आपण पाण्याकडे समोरून बघत नाही, बाजूने, भेगेच्या लांबीत बघतो. शिवाय हा धबधबा बाकीच्यांपेक्षा बुटका, साठ-सत्तर मीटरचा. भर पाण्यातही तिथून पाण्याची कड, वेग, खाली जाणारी भेग दिसते. मेमध्ये गेलात तर कॅमेरा तिथेच मन लावून वापरा. पुढे डेंजर पॉइंटकडे जाताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, आणि तुम्ही मोकळ्या हातांनी भिजा. डेंजर पॉइंटला कठडा नाही, दगड शेवाळलेला असतो. मुलांचा हात सोडू नका.

कोणती बाजू, याचं माझं उत्तर: झिंबाब्वेकडून धबधब्याचा साधारण तीन-चतुर्थांश भाग समोर दिसतो, म्हणून एकच जमणार असेल तर ती. पण दोन दिवस आहेत तर दोन्ही करा. झांबियाकडून पूर्वेचा धबधबा अगदी अंगावर येतो. तिथे नाइफ एज नावाचा अरुंद पादचारी पूल आहे. मेमध्ये त्यावरून जाणं म्हणजे कुणीतरी वरून बादल्या ओततंय असं. माझ्या गटातल्या सत्तरीच्या एका आजींनी त्या पुलाच्या मधोमध उभं राहून मोठ्याने गंगालहरी म्हटली होती. पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू आली नाही, फक्त ओठ हलताना दिसत होते. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे, आणि त्या पूर्ण सहलीतला तोच मला सगळ्यात आवडतो. यावरून आठवलं: अशा ठिकाणी पाण्याचे फोटो सगळेच काढतात. तुषारांत भिजणारी माणसं काढा. पाठमोरा पिवळा रेनकोट आणि पलीकडे पांढरी भिंत एवढं असलं तरी आकाराचा अंदाज येतो. माणूस चौकटीत नसेल तर १०८ मीटर की १८ मीटर, घरी बसलेल्याला काही कळत नाही.

प्रकाशाचं गणित इथे नकाशा बघून करावं लागतं. भेग ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पसरलेली आहे आणि पाण्याचा पडदा दक्षिणेकडे तोंड करून आहे. आपण दक्षिणेच्या काठावरून उत्तरेकडे बघतो. आता हे ठिकाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जवळजवळ १८ अंशांवर. मे-जूनमध्ये तिथे सूर्य दुपारी उत्तरेला असतो, म्हणजे धबधब्याच्या पाठीमागे. भर दुपारी पडदा सावलीत आणि वरचे तुषार मागून उजळलेले, अशी पंचाईत होते. म्हणून सकाळ आणि दुपार उतरल्यानंतरची वेळ. सकाळी पूर्व टोकाला उभं राहून पश्चिमेकडे बघा, दुपारनंतर पश्चिम टोकाहून पूर्वेकडे. म्हणजे सकाळ झांबियाला आणि दुपार डेव्हिल्स कॅटरॅक्टला. सूर्योदयाच्या वेळी कॅटरॅक्टजवळ असाल तर उलट बाजूचा फोटोही मिळतो: सूर्य तुषारांमागून वर येतो आणि सगळा खांब केशरी होतो. पण त्यासाठी धबधब्याभोवतीच्या उद्यानाचं फाटक उघडताच आत शिरावं लागतं.

इंद्रधनुष्याला हाच नियम. सूर्य पाठीशी हवा. तुमच्या डोक्याच्या सावलीची दिशा हे धनुष्याचं केंद्र, आणि त्यापासून साधारण ४२ अंशांवर कमान. आपल्याकडे सूर्य बराच वर आला की इंद्रधनुष्य दिसत नाही, कारण कमान क्षितिजाखाली जाते. इथे मात्र तुषार आपल्या पायाखाली, भेगेत आहेत. त्यामुळे सूर्य चढलेला असतानाही खाली घळीत धनुष्य दिसतं, कधीकधी अर्ध्याहून अधिक वर्तुळ. हेलिकॉप्टरमधून तर पूर्ण गोल दिसू शकतो. सकाळी दहाला इंद्रधनुष्य गेलं म्हणून लोक वाट सोडतात. त्यांनी फक्त कठड्याशी येऊन खाली बघायचं असतं.

तुमच्याकडे पोलरायझर फिल्टर असेल तर एक सावधगिरी. हा फिल्टर ठरावीक दिशेत कंपणारा प्रकाशच आत सोडतो, आणि इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंपणारा असतो. फिल्टर एका बाजूला फिरवला तर रंग खुलतात, पाव वळसा पुढे गेला की धनुष्य चक्क पुसलं जातं. डोळ्यांना दिसतंय आणि फोटोत नाही, असं झालं की आधी फिल्टर बघा. मोठ्या कमानीवर तो सगळीकडे सारखा परिणामही देत नाही. मी तिथे बहुतेक वेळा तो काढूनच ठेवते. एक काच कमी, पुसायला एक पृष्ठभाग कमी.

तुमची २४-१०५ हीच तिथली बरोबर लेन्स आहे, दुसरी घेऊ नका. खूप रुंद कोनाची लेन्स हा धबधबा बारीक करून टाकते. पावणेदोन किलोमीटरची भिंत चौकटीत बसवण्याच्या नादात ती पांढऱ्या कुंपणासारखी दिसते. पन्नास ते शंभर मिमीच्या दरम्यान एकेक तुकडा घ्या. कड सोडणारं पाणी, दोन धारांमधला काळा कातळ, काठावर चिकटून असलेलं एखादं झाड.

शटर स्पीडबद्दल, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं याबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे. धबधबा म्हटला की ट्रायपॉड लावून, प्रकाश कमी करणारी काळी काच म्हणजे एनडी फिल्टर घालून पाणी रेशमी करायची फॅशन आहे. भंडारदऱ्याच्या ओढ्याला ते छान दिसतं. इथे अर्ध्या सेकंदात सगळ्या भिंतीचा कापूस होतो आणि वजनच निघून जातं. १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवलं की पाण्याचे तुटलेले गोळे, भाल्यासारखी टोकं दिसतात. १/६० ते १/१२५च्या दरम्यान धारांना थोडी ओढ येते पण वजन राहतं. मला हे जास्त पटतं. शिवाय ओल्या दगडावर, वाऱ्यात, तुषारांत ट्रायपॉड सांभाळण्यात अर्धा दिवस जातो.

प्रकाशाच्या मोजणीत कॅमेरा फसतो. समोर सगळं पांढरं दिसलं की तो फोटो काळवंडवतो आणि तुषार सिमेंटसारखे राखाडी येतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वाढवा, पण ऊन पडलं असेल तर हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेड-अंधाराच्या आलेखाची, उजवी कड कापली जात नाही ना ते बघत राहा. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा, धुक्यातला हरवलेला काँट्रास्ट घरी पुष्कळ परत आणता येतो. ऑटोफोकस तुषारांवर अडकून पुढे-मागे धावायला लागला तर समोरच्या झाडावर किंवा कातळाच्या कडेवर फोकस घ्या आणि मॅन्युअलला टाकून विसरा.

काच कोरडी ठेवण्याची माझी पद्धत अशी. लेन्स जमिनीकडे, हूड लावलेलं, तोंडावर हातरुमालाएवढं मायक्रोफायबर. चौकट डोक्यात आधी ठरवायची, पाठ वाऱ्याकडे करून उभं राहायचं. वारा सतत फिरतो, तुषारांचा लोट दहा-वीस सेकंद एका बाजूला झुकतो आणि मध्ये फट पडते. फट दिसली की वळायचं, कापड काढायचं, चार-पाच फोटो सलग, लगेच कापड परत. पाचातला एखादा थेंबाशिवाय निघतो. कापडं सहा तरी घ्या, प्रत्येक वेगळ्या झिप पिशवीत. एक भिजलं की त्याने पुसणं म्हणजे पाणी पसरवणं. हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर छान बसते. पंचा तर हवाच. आपला साधा सुती पंचा त्या परदेशी टॉवेलांपेक्षा पटकन पाणी टिपतो. परतल्यावर बॅग बंदच ठेवून खोलीत तासभर तशीच राहू द्या, मग उघडा. सकाळी उलट: एसीतून बाहेर नेताना लगेच कॅमेरा काढू नका. सिलिका जेलच्या पुड्या घरून न्या. आणि कॅमेरा भिजलाच तर बॅटरी आणि कार्ड काढा, चालू करून बघायचा मोह आवरा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय मी केलाय. तांदूळ तेवढे वाया गेले.

फोन पाणी सहन करतो असं जाहिरातीत म्हटलेलं असतं, पण स्क्रीनवर थेंब पडले की तो स्पर्श ओळखेनासा होतो. आवाजाचं बटण शटर म्हणून वापरा. चार्जिंगचं भोक कोरडं झाल्याशिवाय केबल लावू नका. व्हिडिओ नक्की काढा, कारण फोटोत न येणारी गोष्ट आवाज आहे. फक्त माइकच्या भोकात पाणी गेलं की सगळं बुडबुड्यांसारखं ऐकू येतं, तेव्हा आधी फुंकर मारून घ्या.

मेमध्ये पूर्ण धबधबा एका नजरेत दिसायचा असेल तर हेलिकॉप्टर हाच मार्ग. महाग आहे, पण मी भर पाण्याच्या महिन्यांत जाणाऱ्यांना दुसरं काहीतरी कापून हे ठेवायला सांगते. बारा-पंधरा मिनिटांची फेरी पुरते. चालक दोन्ही बाजूंनी वळणं घेतो, त्यामुळे खिडकीवरून भांडू नका. गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत उमटतो. लेन्स काचेला टेकवायची नाही, थरथर येते, काचेजवळ धरायची. शटर १/१००० किंवा जास्त. वरून दिसतो तो नागमोडी घळींचा माग, आणि तोच खरा बघण्यासारखा. हा सगळा खडक बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, पण बराच जुना, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. थंड होताना त्यात भेगा पडल्या, भेगांत मऊ गाळ भरला, आणि नदीने एकेक भेग पोखरत मागे मागे सरकायला सुरुवात केली. खालच्या प्रत्येक घळीच्या जागी कधीकाळी धबधबा होता. आज दिसतो तो आठवा. पुढची भेग डेव्हिल्स कॅटरॅक्टच्या बाजूने पोखरली जातेय. ऑक्टोबरमध्ये गेलात तर या खडकाचे उभे खांब आणि भेगा उघड्या दिसतात. भूगोल शिकवणाऱ्यांनी दिवाळीत जावं, असं मी म्हणते ते यासाठी.

स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १६ नोव्हेंबर १८५५ला इथे पोचला, तोही कमी पाण्याच्या दिवसांतच. म्हणून त्याला होडीने धबधब्याच्या काठावरच्या बेटापर्यंत जाता आलं आणि भेगेत डोकावता आलं. एप्रिलमध्ये आला असता तर त्याला फक्त धूर दिसला असता. कॅटरॅक्टजवळ त्याचा पुतळा आहे. तिथे मी गटाला थांबवून नाशिकची गोष्ट सांगते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती. त्यांच्यातले काही जण पुढे लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत होते. त्यांतला जेकब वेनराइट. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा झाडाच्या खोडावर मजकूर कोरणारा हाच, आणि पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत जाणाराही हाच. नाशिकचे लोक गटात असले की पुतळ्यापाशी जरा जास्त वेळ जातो.

लिव्हिंग्स्टन होडीने गेला त्याच बेटाच्या काठाशी डेव्हिल्स पूल नावाचं कुंड आहे, ज्यात बसून लोक कड्यावरून खाली बघतात. ते साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाणी उतरलेलं असतानाच उघडतं. मेमध्ये तो विषयच नाही, तेव्हा मुलांना आधी व्हिडिओ दाखवून ठेवू नका.

कागदपत्रांत एकच चूक लोक वारंवार करतात. झिंबाब्वेत एकेरी प्रवेशाचा व्हिसा घेतात, दुपारी दोन देशांमधला पूल ओलांडून झांबियाला जातात आणि परत येताना सीमेवर अडकतात. दोन्ही बाजू करायच्या तर ज्या देशात मुक्काम आहे तिथला दुहेरी प्रवेशाचा व्हिसा हवा. काझा नावाचा दोन्ही देशांचा एकत्र व्हिसाही असतो. तो तुमच्या पासपोर्टला आणि तुम्ही उतरणार त्या विमानतळावर मिळेल का, हे दूतावासाला लेखी विचारा. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबा, नैरोबी किंवा जोहान्सबर्ग अशी वाट पडते. पहिल्या दोन वाटांनी जाणार असाल तर यलो फीवरच्या लशीचं पिवळं पुस्तक जवळ ठेवा. ती लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉलर न्या, कोऱ्या आणि लहान नोटांत. शंभराची नोट मोडून देताना तिथे सगळेच खिसे चाचपतात. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मुलांसाठी खरा धोका पाण्यापेक्षा माकडांचा आहे. बबून फार धीट असतात. आमच्या एकाच्या हातातला चिवड्याचा पुडा बबूनने असा काढून घेतला, जसा कंडक्टर तिकीट घेतो. खाणं पिशवीत, पिशवी बंद. आणि झिंबाब्वेच्या गावात रात्री पायी फिरू नका, हत्ती रस्ता ओलांडतात.

दोन दिवसांची मांडणी अशी करा. मुक्काम झिंबाब्वेत. पहिल्या दिवशी पोचल्यावर दुपारी तीननंतर कॅटरॅक्ट, ऊन उतरेपर्यंत तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पूल ओलांडून झांबिया. १९०५चा हा लोखंडी पूल नदीपासून १२८ मीटर उंच आहे, चालतच जा, मधोमध थांबून उसळतं पाणी आणि घळ दोन्ही मिळतात. दहापर्यंत नाइफ एज, भिजून झालं की कपडे बदलून परत. दुपारी हेलिकॉप्टर. कॅमेऱ्याची बॅटरी एक जास्तीची ठेवा, कारण रात्रीचं काम बाकी आहे.

मे महिन्याची जमेची बाजू ती रात्र. पौर्णिमा आणि तिच्या आगेमागे एखादी रात्र उद्यान चंद्रप्रकाशात उघडं ठेवतात, वेगळं तिकीट असतं. भरपूर तुषार आणि पूर्ण चंद्र असला की चांद्रधनुष्य दिसतं. डोळ्यांना ते पांढुरकं, राखेच्या रेघेसारखं वाटतं. मुलं म्हणतील की यात काय आहे. मग कॅमेरा दगडावर किंवा छोट्या ट्रायपॉडवर ठेवा, एफ/४, आयएसओ ३२००, पंधरा-वीस सेकंद, चंद्र पाठीशी, आणि दर फोटोआधी काच पुसा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लाल-हिरव्या-जांभळ्यासकट पूर्ण कमान उमटते. चंद्र उगवल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास बरे, नंतर तो डोक्यावर येतो आणि धनुष्य घळीच्या तळाशी जातं. फोनचा नाइट मोडही चालतो, फक्त हात हलता कामा नये. तेव्हा ही रात्र हवी असेल तर तिकिटं काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडून वैशाखातली बुद्ध पौर्णिमा कधी आहे ते बघा, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी तिथे पोचा.